गाळा घेण्याआधी झोन वाचा: महाबळेश्वर-पाचगणी भागात पहिला धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

गाळा बघायला निघताना तीन कागदांची नावं तोंडपाठ असू द्या: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, झोन दाखला आणि भाग नकाशा. भाडं किती, डिपॉझिट किती, समोर गाड्या थांबतात का, हे आपण सगळेच विचारतो. जागा कोणत्या झोनमध्ये, म्हणजे सरकारी योजनेत कोणत्या वापरासाठी ठरवलेल्या विभागात आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पाचगणीहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला लागून एक पत्र्याची खोली भाड्याने घेतली होती. स्ट्रॉबेरी क्रीम, मलबेरीचं सरबत आणि घरचा जॅम विकायचा बेत होता. साठ हजार डिपॉझिट दिलं, डीप फ्रीजर घेतला, पुढे शेड काढली. जागामालकाने घरपट्टीची पावती दाखवली, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला दाखवला, विजेचं मीटर तर भिंतीवरच होतं. मला वाटलं, आता आणखी काय पाहिजे? ऐन हंगामात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी दुकान उघडायला गेले तर शटरवर नोटीस चिकटवलेली. खळ अजून ओलीच होती. खोली शेती क्षेत्रात, परवानगीशिवाय बांधलेली, आणि वरून रस्त्याच्या इमारत रेषेच्या, म्हणजे रस्त्यालगत जिथपर्यंत बांधकाम करता येत नाही त्या रेषेच्या आत. आठवडाभरात फ्रीजर उचलून घरी आणला. डिपॉझिटमधले निम्मे पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत.

त्यानंतर नकाशे वाचायला शिकले. ओळखीपाळखीतलं कुणी नवं दुकान काढतंय म्हटलं की आता आधी माझ्याकडे कागद येतात. तेच सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: परवानगी कुणाची?

आपल्या भागात चार मैलांत कार्यालय बदलतं, आणि नवा माणूस इथेच गोंधळतो.

महाबळेश्वर आणि पाचगणी शहरांच्या हद्दीत गिरिस्थान नगर परिषदा आहेत. वाई आणि साताऱ्यात नगरपालिका, मेढ्यात नगर पंचायत. हद्दीबाहेरच्या गावांना प्रादेशिक योजना लागू असते. तिथे बांधकामाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते आणि नकाशा तपासतं ते सहायक संचालक, नगर रचना यांचं साताऱ्यातलं कार्यालय. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली २३५ गावं नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी घेतली, तेव्हा तिथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून रस्ते विकास महामंडळाला नेमलं गेलं. तेव्हा बामणोली किंवा कासच्या बाजूला जागा बघत असाल, तर तलाठ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: हे गाव आज कोणत्या नियोजन प्राधिकरणाखाली येतं?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुंबई वगळता राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. बहुतेक आर्किटेक्ट, एजंट तिच्यातलेच आकडे सांगतात. पण गिरिस्थान नगर परिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं त्या नियमावलीतून वगळलेली आहेत. म्हणजे वाईत जे चालतं ते पसरणी घाट चढून वर आलं की तसंच्या तसं चालेल, असं अजिबात धरू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र झाला. बागायत, शेती, बगीचे अशा हिरव्या वापराची जमीन बिगर-हिरव्या वापरात आणण्यावर त्या अधिसूचनेने बंधन घातलं. त्यात एक मर्यादित सूट आहे, ती स्थानिक रहिवाशांच्या आणि त्यांच्या वाढत्या कुटुंबांच्या राहण्याच्या गरजेपुरती. ही ओळ आपल्यासाठी मोलाची आहे. भूमिपुत्राच्या घराला जी वाट ठेवली आहे, ती बाहेरून आलेल्या रिसॉर्टसाठी नाही. मात्र त्या वाटेने बांधलेल्या घराचं पुढे गुपचूप लॉज केलं, तर आपणच ती वाट पुसतो.

दुसरी पायरी: दाखला आणि नकाशा हातात घ्या

अर्ज साधा असतो. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, चालू सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशाची प्रत आणि ठरलेली फी. झोन दाखला आणि भाग नकाशा हे दोन्ही वेगवेगळे मागा. दाखल्यात "सदर गट निवासी विभागात समाविष्ट आहे" असं एक वाक्य असतं. भाग नकाशात तुमचा गट, त्याच्या चारही बाजू, प्रस्तावित रस्ते आणि आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा दिसतात. नुसता दाखला घेऊन परत आलेल्या एका भावोजींचा गट खरोखरच निवासी होता, पण त्याच्या अर्ध्या भागातून पुढे रुंद होणारा रस्ता जात होता. ते दाखल्यात लिहिलेलं नव्हतं, नकाशात होतं.

सेवा वेळेत मिळावी म्हणून राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्जाची पोच घ्या, त्यावर कितव्या दिवशी कागद मिळणार ते विचारा. टाळाटाळ झाली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. बहुतेक वेळा अपिलाचं नाव काढलं की काम होतं.

नकाशा घरी आणला की जेवणाच्या ताटाएवढी जागा मोकळी करून तो पसरा. आधी कोपऱ्यातली सूची वाचा, मग रंग बघा. साधारणपणे पिवळा रंग निवासी, निळा वाणिज्य आणि हिरवा शेतीचा किंवा हरित पट्ट्याचा असतो, पण छटा योजनेनुसार बदलतात, म्हणून सूचीवरच विश्वास ठेवा. उत्तर दिशा कुठे आहे ते पाहा. मग ओळखीची एखादी खूण शोधा, ओढा, देऊळ, शाळा, रस्त्याचं वळण. तिथून बोटाने सरकत आपल्या गटापर्यंत या. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. दुसऱ्यांदा पाच मिनिटं.

मालक जे कागद अभिमानाने दाखवतात, त्यांचं वजन इथेच सांगून ठेवते. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. तिने बांधकाम अधिकृत होत नाही. नमुना ८ चा उतारा ही कर आकारणीची नोंद. विजेचं मीटर म्हणजे वीज जोडणी. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे फक्त पंचायतीची हरकत नसणं. यांपैकी एकही कागद बांधकाम परवानगीची जागा घेत नाही. यांतले तीन मलाही दाखवले होते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

तिसरी पायरी: जागेवर जाऊन मोजा

मोजपट्टी न्या. शिंप्याकडची नको, तीस मीटरची. समोरचा रस्ता एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत किती मीटर भरतो ते मोजा आणि योजनेत त्याची रुंदी किती दाखवली आहे त्याच्याशी ताडून पाहा. आपल्याकडच्या नियमांत निवासी भागात कोणता व्यवसाय चालेल, हे बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. बोळात पिठाची गिरणी, किराणा, शिवणकाम अशा रोजच्या गरजेच्या गोष्टी. रुंद रस्त्यावर मोठी दुकानं, हॉटेलं. ही विभागणी छोट्यांच्या फायद्याची आहे, हे लक्षात घ्या. बोळातला गाळा मोठ्या शोरूमला परवडत नाही असं नाही, तो त्याला मिळूच शकत नाही. म्हणून आतल्या गल्लीतला गाळा कमी दर्जाचा समजून सोडू नका. तुमचा माल त्या गल्लीला चालणारा असेल, तर तिथे तुमच्याशी भाड्याची चढाओढ करायला कमी लोक येतील.

राज्य महामार्गाला लागून जागा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारत रेषेची चौकशी वेगळी करा. झोन बरोबर असूनही इमारत रेषेच्या आतलं शेड निघू शकतं.

आणि उतार पाहा. डोंगराळ भागात १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असते. पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ, इतकं सोपं आहे हे. दोरी, पाण्याची नळी आणि मोजपट्टी एवढ्यावर अंदाज येतो. कड्याच्या टोकावरची, "व्ह्यू" असलेली जागा स्वस्तात देऊ करतात तेव्हा बहुधा हाच दोष असतो.

चौथी पायरी: तुमचा धंदा कोणत्या खणात बसतो?

इथे थोडं थांबून लिहिते, कारण नियमात छोट्यांसाठी ठेवलेल्या जागा आहेत आणि त्या आपल्याला माहीतच नसतात.

घरातून करायचे उद्योग. एकत्रिकृत नियमावलीत "गृह व्यवसाय" अशी व्याख्याच दिली आहे. घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने, पगारी मजूर न लावता, घरात साधारणपणे वापरली जाणारी उपकरणं वापरून केलेला धंदा. तिथेच तयार झालेली वस्तू विकता येते. बाहेर पाटी लावायची नाही, घर बाहेरून घरच दिसलं पाहिजे. लोकांना जेवूखाऊ घालण्याची खानावळ यात बसत नाही. म्हणजे वाईच्या एखाद्या वाड्यातली काकू घरी स्ट्रॉबेरीचा जॅम करून बरण्या विकते, ते गृह व्यवसायात येतं. तिनेच ओसरीवर चार टेबलं टाकून मिसळ सुरू केली की ती या खणातून बाहेर पडते आणि तिला वेगळी परवानगी लागते. शिवणकाम, मसाले, पापड, लोकरी टोप्या, जॅम, सिरप यांसाठी हा खण मोठा आहे. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी अर्थात लागतेच. वर डोंगरावर ही नियमावली लागू नाही, हे वर सांगितलंच. तिथे नगर परिषदेकडून त्यांच्या नियमांतली तरतूद लेखी मागून घ्या.

गावठाण. गावठाणातली घरं आणि दुकानं पूर्वापार एकत्र नांदत आली आहेत. पुढे दुकान, मागे माजघर. गावठाणाच्या हद्दीत निवासी-वाणिज्य मिश्र वापराला अडचण कमी येते. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली, योजनेत विकासयोग्य विभागात दाखवलेली जमीन अकृषिक करायला सोपी वाट करून दिली. त्यासाठी ठरलेला कर होता; आजचा नियम तहसील कार्यालयात विचारून घ्या. तेव्हा हमरस्त्यावरच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीपेक्षा गावठाणातला जुना ओटा बऱ्याचदा पक्का सौदा ठरतो.

पाचगणीजवळचं भिलार आठवा. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं आणि पुस्तकं ठेवली ती गावातल्या घरांत, शाळेत, देवळात. पाहुणा रस्त्यावर गाडी लावून क्रीम खाऊन निघून जायचा, तो गल्लीत शिरायला लागला. ओसरीवर बसायला लागला. बसलेल्या माणसाला तहान लागते, भूक लागते. गावाच्या आत काय ठेवायचं आणि रस्त्यावर काय, हा निर्णय गावाच्या कमाईवर थेट उमटतो.

हातगाडी आणि फुटपाथ. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे आणि तो छोट्यांच्या बाजूने इतका स्पष्ट आहे की तो पाठ करून ठेवावा. नगरपालिका क्षेत्रात नगर पथविक्रेता समिती लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन विक्री योजना तयार होईपर्यंत कोणताही भाग "ना-फेरीवाला क्षेत्र" म्हणून जाहीर करता येत नाही. गर्दी होते, एवढ्या कारणावर तर नाहीच. जिथे गिऱ्हाईक आणि विक्रेते पूर्वापार जमत आले तो "नैसर्गिक बाजार", आणि त्याचा विचार योजनेत करावाच लागतो. माल जप्त झाला तर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. मक्याची कणसं, गाजरं, मुळे, तुती घेऊन बसणाऱ्या बायकांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. पावती मागा, यादी मागा. हा कायदा नागरी हद्दीतला आहे, ग्रामपंचायतीत लागू नाही, आणि पॉइंटांवर जिथे जमीन वन खात्याची आहे तिथे वन खात्याचे नियम वेगळे. कास पठारावर प्रवेश शुल्क आणि गर्दीचं नियंत्रण स्थानिक गावांच्या समितीमार्फत होतं. तिथे पठारावर टपरी टाकायचा विचारही करू नये. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. धंदा करायचा तर खाली गावात.

मुक्कामाच्या खोल्या. पर्यटन संचालनालयाची न्याहारी-निवास योजना आहे, २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, महिलांसाठी २०२३ पासून "आई" धोरणात कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. सगळं घ्या. पण पर्यटन खात्याची नोंदणी म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. आधी घर अधिकृत, मग नोंदणी. उलटा क्रम लावलेल्यांची घरं मी सील झालेली पाहिली आहेत.

पाचवी पायरी: करार

भाडेकरार लेखी करा आणि नोंदणी करा. ती नोंदणी करून देण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. त्यात दोन ओळी स्वतःहून घाला. पहिली: जागेचा झोन आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक. दुसरी: जागा या व्यवसायाला कायदेशीररीत्या चालत नाही असं निष्पन्न झाल्यास डिपॉझिट पूर्ण परत. दुसरी ओळ घालायला मालक का कू करू लागला, तर तुम्हाला हवं ते उत्तर तिथेच मिळालं.

शेतजमीन विकत घ्यायचा विचार असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ वाचा. जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल तर तिची वेगळीच कथा. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

सहावी पायरी: आपला वापर नोंदवून ठेवा

दुकान चालू झालं की काम संपलं असं वाटतं. विकास योजना नव्याने करायला घेतात तेव्हा आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. सर्वेक्षणवाले दुपारी येतात, बाहेरून बघतात, लिहितात, जातात. दुकानाचं शटर त्या वेळी बंद असेल तर तुमचं दुकान नकाशात "घर" म्हणून जातं. पुढच्या वीस वर्षांचं नियोजन त्या नोंदीवर उभं राहतं. म्हणून सर्वेक्षण चालू आहे असं कळलं की दुकान उघडं ठेवा, परवाना आणि पावत्यांच्या प्रती हाताशी ठेवा, त्यांना बोलावून दाखवा. चहा पाजा, पण नोंद काय केली ते डोळ्यांनी बघा.

नोटीस आलीच तर घाबरून शटर ओढून बसू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खालची नोटीस असेल, तर दिलेल्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम नियमित करण्यासाठी अर्ज करता येतो. झोन साथ देत असेल तर हा मार्ग खरा आहे. झोनच चुकीचा असेल, तर वेळ आणि पैसा घालवू नका, जागा बदला.

सातवी पायरी: नियम बनत असताना तिथे असा

ही पायरी मी शेवटी ठेवली असली तरी माझ्या लेखी सगळ्यात मोठी आहे.

प्रारूप विकास योजना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते. त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते, आणि त्यानंतर योजना शासनाकडे जाते. मंजूर योजनेत किरकोळ बदल करायचा असेल तर कलम ३७ ची कार्यवाही होते, त्यातही एक महिन्याची मुदत देऊन हरकती मागवतात. ही जाहिरात अर्ध्या पानावर बारीक अक्षरात येते. आमच्याकडे एका रद्दीवाल्या मामांना सांगून ठेवलं आहे, "नगर परिषदेची जाहीर सूचना दिसली की पान बाजूला ठेवा." ते ठेवतात.

आता हरकतीत काय लिहायचं? बहुतेक हरकती अशा असतात: "बाहेरचे लोक येऊन आमचा धंदा खाताहेत, त्यांना बंदी घाला." मनातली कळकळ खरी आहे. पण आपल्याकडचा नियोजन कायदा माणूस इथला की बाहेरचा हे बघत नाही. तो जमिनीचा वापर, बांधकामाचा आकार, रस्त्याची रुंदी, वाहनतळ आणि आरक्षण एवढंच बघतो. त्याच भाषेत मागणी केली तर ती ऐकली जाते. बाहेरच्यांना बंदी घाला, असं न लिहिता असं लिहा:

"बाजारपेठेच्या या रस्त्यावर तळमजल्यावर किरकोळ दुकानांचा वापर कायम ठेवावा, तळमजल्यावर लॉजच्या खोल्या किंवा इमारतीचं पार्किंग करण्यास परवानगी देऊ नये."

"या रस्त्यावरील लहान भूखंड एकत्र करून मोठी वाणिज्य इमारत उभारण्यावर मर्यादा असावी."

"आरक्षण क्रमांक अमुक येथील भाजी मंडई आणि लहान गाळे यांचं आरक्षण कमी करू नये."

"एसटी स्थानक ते बाजार या दरम्यान पथविक्रेत्यांसाठी जागा नकाशावर दर्शवावी."

आणि वाहनतळ. यावर मी जरा जास्तच बोलते असं घरचे म्हणतात, पण पर्यटन गावात छोट्याचा धंदा ठरतो तो वाहनतळाच्या जागेवर. महाबळेश्वरला एसटीतून उतरलेला माणूस स्थानकातून निघाला की डॉ. साबणे रस्त्यावर, म्हणजे बाजारातच शिरतो. चप्पल, चणे, फुटाणे, जेली, मध, सगळं त्या पायी चालण्यावर विकलं जातं. आता समजा, मोठा वाहनतळ शहराबाहेर एखाद्या पॉइंटच्या तोंडाशी केला आणि तिथेच खाण्याचे स्टॉल दिले. गाडी तिथे थांबेल, तिथेच खाईल, तिथूनच परत जाईल. बाजारात पाऊलसुद्धा पडणार नाही. तोच वाहनतळ बाजारापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर ठेवला, मधल्या वाटेला सावली आणि बसायला कट्टे दिले, तर त्या वाटेवरचा प्रत्येक ओटा जिवंत होतो. बाजाराच्या पोटातच वाहनतळ केला तर गाड्यांच्या रांगेने माणसांना चालायला जागा उरत नाही. बाजाराला लागून, पण बाजाराबाहेर. प्रारूप योजना आली की आधी हे आरक्षण कुठे टाकलं आहे ते बघा, मग बाकीचं.

जमीन आरक्षणात गेली असेल तर त्याच अधिनियमाचं कलम १२७ माहीत असू द्या. योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. मालकासाठी हा दिलासा आहे. पण मंडईचं आरक्षण असं गळून पडलं की तिथे मंडई कायमची गेली. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या भागातल्या मंडईच्या आणि गाळ्यांच्या आरक्षणांची वर्षं मोजत राहायला हवं, आणि मुदत संपण्याआधी नगर परिषदेला लेखी आठवण द्यायला हवी. आमच्याकडे ती यादी एका वहीत आहे, दर पाडव्याला उघडतो.

हरकत एका पानात बसवा. वर गट नंबर किंवा रस्त्याचं नाव, योजनेतला आरक्षण किंवा नियम क्रमांक, खाली एकच मागणी, तिची दोन-तीन कारणं, सोबत भाग नकाशाची प्रत, त्यावर लाल पेनाने खूण. एकाच कागदावर पन्नास सह्या घेण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या गाळ्यापुरती वेगळी हरकत दिली तर सुनावणीला प्रत्येकाला वेगळं बोलावणं येतं, आणि प्रत्येकाला बोलायला मिळतं. मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. पन्नास सह्यांच्या अर्जाला एकच बोलावणं आलं आणि ज्याच्या नावाने आलं तो नेमका त्या दिवशी पुण्याला होता.

सुनावणीला जाताना चढ्या आवाजाची तयारी नको, मोजमापांची करा. "साहेब, हा रस्ता जागेवर साडेसहा मीटर आहे, योजनेत नऊ दाखवलाय, रुंदीकरणात अठरा ओटे जातात, त्यातले अकरा महिला चालवतात." असं बोललेलं टिपून घेतलं जातं. ओट्यांचे फोटो तारखेसह न्या. जुन्या परवान्यांच्या प्रती न्या. सुनावणीच्या इतिवृत्तात आपलं म्हणणं आलं का, ते नंतर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तपासा.

आवक-जावकच्या टेबलावर अर्ज देताना दुसरी प्रत पुढे करा, शिक्का मारून घ्या, शिक्क्यात तारीख आणि आवक क्रमांक उमटलाय का ते तिथेच, उजेडात धरून बघा. पावसाळ्यात आपल्याकडे कागद सहा महिन्यांत बुरशी धरतो. लॅमिनेट करा, किंवा डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवा, आणि मोबाईलवर एक फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून द्या.